हिरव्या ठिपक्याचा भाडेकरू

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी तो खोलीला बाहेरून कुलूप लावायचा आणि कामावर निघायचा. काम त्याच खोलीत होतं. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, कॉलरचं बटण लावलेलं, पायात मोजे-बूट, आणि शर्टाखाली पट्ट्यापट्ट्याची घरातली अर्धी चड्डी. अंगणातल्या लिंबाला एक फेरा घालायचा, फाटक उघडून गल्लीच्या टोकाला पिठाच्या चक्कीपर्यंत जायचा, तिथून वळायचा आणि आमच्या मागच्या दारानं परत त्याच खोलीत शिरायचा. आत गेला की माझ्या म्हातारीला मोठ्यानं सांगायचा, "आलो हो काकू, पोचलो ऑफिसात." संध्याकाळी हेच उलटं. मागच्या दारानं बाहेर, चक्कीला वळसा, पुढचं कुलूप उघडणं, आणि "काकू, सुटलो बरं का."

गल्लीनं चार दिवसांत त्याचं नाव हापिस पाडलं. बाया एकमेकींना विचारायच्या, "हापिस गेलं का वं?" त्याला राग नव्हता. चक्कीवाल्याला तो सांगायचा, "भाऊ, चालत गेल्याबिगर कामावर आल्यासारखं वाटत नाही. अन् चालत आल्याबिगर सुटल्यासारखं वाटत नाही."

आता तो पुसदला बहिणीकडे असतो. उजवं पाऊल उचलत नाही, ओढत नेतो. लघवीला नळी लागते. वय त्रेचाळीस. त्यात त्याच्या बसायच्या स्टुलाचा वाटा किती, त्याच्या साहेबाचा किती आणि माझा किती, हे मला नीट सांगायचं आहे. मी चौथी शिकलेला माणूस. राजूरच्या कोळसा खाणीत जमिनीखाली बावीस वर्षं बेलच्यानं कोळसा भरला. लिहायची सवय नाही, पण माझं बोलणं दुसऱ्याकडून लिहून घ्यायची त्याहून नाही. अक्षर वाकडं असेल. गोष्ट सरळ आहे.

त्याचा बाप आमच्याच खाणीत हजेरीवर होता. पोरगा इथल्या शाळेत शिकला, मग यवतमाळला, मग पुण्याला नोकरी. कोरोनात पुण्याचं ऑफिस बंद झालं, तेव्हा कपड्यांची एक बॅग आणि कॉम्प्युटर घेऊन राजूरला आला. आईबाप गेलेले, क्वार्टर दुसऱ्याला मिळालेलं, लग्न केलेलं नाही. माझी एक खोली रिकामी होती. ऑफिस पुन्हा उघडलं तरी कंपनी म्हणाली, घरूनच करा. तो राहिला. फोनवर साहेबाशी बोलताना 'मला', 'तुम्हाला' म्हणायचा आणि फोन ठेवला की आमच्याशी 'मले', 'तुमाले'. म्हातारी हसायची. म्हणायची, "ह्याच्या तोंडातही दोन दरवाजे आहेत."

काम विम्याच्या कंपनीचं. लोक दवाखान्यात भरती होतात, त्यांचे कागद याच्या पडद्यावर यायचे. हे नियमात बसतं, हे बसत नाही, असं त्यानं लिहायचं. मी एकदा म्हणालो, "म्हणजे दुसऱ्याचं दुखणं तपासतो तू."

"दुखणं कुठी दिसते काका? कागद तपासतो."

पडद्याच्या कोपऱ्यात त्याच्या नावापुढं एक हिरवा ठिपका असायचा. हात चालू असला की हिरवा. पाच मिनिटं माऊस हलला नाही की पिवळा. पुण्यातला साहेब ते ठिपके पाहायचा. ज्यांचे जास्त पिवळे त्यांना महिनाअखेरीला फोन जायचा, आणि पुढच्या महिन्यात त्यांचं नाव यादीत नसायचं. हापिसच्या सोबतचे सात जण असे गेले. त्यांची नावं तो जेवताना कधी कधी घ्यायचा, मेलेल्या माणसांची घेतात तशी.

आमच्या खाणीत पितळी बिल्ला असायचा. खाली जाताना घ्यायचा, वर आलं की टांगायचा. बिल्ला टांगलेला दिसला की माणूस जिवंत वर आला एवढं कळायचं. खाली तो बसला की झोपला, हे बिल्ला पाहत नव्हता. हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला, "मंग तुमचा बिल्ला बरा होता. आमचा डोळे वटारून पाह्यते."

आता स्टुलाचं सांगतो. तो आला तेव्हा मांडवातली प्लास्टिकची खुर्ची घेऊन बसायचा. तिचा एक पाय फाटला. पुण्याहून मोठी खुर्ची मागवतो म्हणाला, पाठीला आधार असलेली, खालीवर होणारी. मला ते लागलं. माझ्या घरात राहणाऱ्यानं पुण्याची खुर्ची कायले मागवायची? खाणीत छताला टेकू द्यायचं जुनं सागाचं लाकूड माझ्याकडं होतं. मी आठ दिवस खपून त्याचं स्टूल केलं. हत्ती बसला तरी हलणार नाही असं. पाठ टेकायला मुद्दाम काही ठेवलं नाही. टेकलं की माणूस आळसावतो, असं माझं मत. त्यानं स्टुलावर हात फिरवला, म्हणाला, "काका, हे तर माह्यापेक्षा जास्त जगंल." आणि पुण्याची खुर्ची मागवली नाही. मला बरं वाटावं म्हणून मागवली नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. मी कळू दिलं नाही.

त्या स्टुलावर तो दहा दहा, बारा बारा तास बसायचा. पहिल्या वर्षी मान धरली. दुसऱ्या वर्षी कंबर. मी अंगणातून पाहायचो आणि हसायचो. बावीस वर्षं ओणवं होऊन कोळसा भरणाऱ्याला बसून बसून दुखतं हे कसं पटावं? एकदा तोंडावरच म्हणालो, "अरे, तू उचलतो काय? माऊस?"

तो म्हणाला, "हाव. त्याचंच वजन झेपून नाही राह्यलं."

माझी कंबर रोज संध्याकाळी म्हातारी तेल लावून चोळून देते, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. दार लावून चोळून घ्यायचो.

मग त्यानं पंख्याची युक्ती काढली. टेबलफॅन असा मान फिरवतो ना, त्याच्या जाळीला सुतळी बांधली, सुतळीच्या टोकाला माऊस. पंखा इकडून तिकडे फिरला की माऊस टेबलावर सरकायचा, ठिपका हिरवा राहायचा. तेवढ्यात हा जमिनीवर उताणा पडून कंबर सरळ करायचा. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. भर थंडीतही पंखा चालू, अंगावर घोंगडी. लाईन गेली की पंखा थांबायचा. मग आतून ओरड, "काकू! लाईन गेली! ठिपका!" म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत असली तरी तशीच धावायची, स्टुलावर बसायची, एका हातानं माऊस फिरवायची, दुसऱ्या हातानं शेंगा सोलायची. गल्लीत सांगायची, "मी पुण्याच्या कंपनीत लागली." साहेबाला काय माहीत की त्याच्या यादीतला सगळ्यात हिरवा ठिपका राजूरची अंगठाछाप बाई हलवत होती.

दुखणं कंबरेतून उजव्या पायात उतरायला लागलं तेव्हा त्यानं त्याला एस्टीची गाडी केलं. लहानपणी यवतमाळहून घरी यायचा तीच वाट. कंबर म्हणजे यवतमाळ. कुल्ला जोडमोहा. मांडी करंजी. पोटरी मारेगाव. घोटा वणी. आणि पायाचा अंगठा म्हणजे राजूर, आपलं घर. सकाळी मी विचारायचो, "काय बे, गाडी कुठवर आली?"

"करंजीपर्यंत आली जी. मीटिंग झाली की मारेगाव घेते."

साहेबाची मीटिंग झाली की गाडी एक थांबा पुढं जायची, हे मी स्वतः पाहिलं आहे. साहेबाचा आवाज आला की हा खांदे कानाला लावून बसायचा आणि आवाज बंद झाल्यावरही ते खाली यायचे नाहीत. म्हातारी हातानं दाबून खाली करायची.

त्याचं कामावर जाणं लहान होत गेलं. आधी चक्की सुटली, विजेच्या खांबावरून परतायला लागला. मग फाटकावरून. मग नुसता लिंबाला फेरा. पावसाळ्यानंतर तो फेराही गेला, पुढच्या दारातून निघून भिंत धरत धरत मागच्या दारात. तरी शर्ट इस्त्रीचा आणि पायात बूट. एक दिवस कुलूप लावलंच नाही. उंबऱ्यावर उभा राहिला, एक पाय बाहेर ठेवला, आत घेतला, आणि म्हणाला, "पोचलो काकू."

त्या दिवशी म्हातारी मला म्हणाली, "ह्याले दवाखान्यात न्या."

मी म्हणालो, "दवाखाना कायले? मी आहो ना."

हे सांगायला हवं. मी पायाळू आहे. आईच्या पोटातून पाय आधी बाहेर आले. अशा माणसाच्या पायानं कंबरेत भरलेली उसण निघते असं आमच्याकडं मानतात. माझ्या बापानं दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपल्यात भरून नदीत सोडले. अंगारा, नवस, लिंबू, सगळं बंद. पण माझं पायाळूपण काही नदीत सोडता येत नव्हतं. बाप म्हणायचा, "पाय चालायले असतो, लोकायच्या पाठीवर ठेवायले नाही." मी ऐकलं नाही. खाणीत शिफ्ट सुटली की माझ्यापुढं माणसं पालथी पडायची. हिंदू, मुसलमान, आमचे, आंध्राचे, सगळे. एकदा तर इंजिनिअर साहेब पडला. मी चौथी शिकलेला, आणि इंजिनिअर माझ्या पायाखाली. हे मला सोडवत नव्हतं. बाकी कशाबद्दल कुणी मला विचारलं होतं आयुष्यात?

हापिसला मी दोन वर्षं सांगत होतो, पड पालथा. तो हसून टाळायचा. "काका, तुमच्या पायाचं सर्टिफिकेट आहे का? कागद असल्याबिगर मी पास करत नाही." मी रुसायचो. चार चार दिवस बोलायचो नाही.

मग तो महिना आला. कंपनी आणखी माणसं काढणार होती, आणि तीन दिवस साहेब सगळ्यांना कॅमेऱ्यासमोर बसवून काम पाहणार होता. कॅमेऱ्यासमोर पंख्याची युक्ती चालत नाही. बसावंच लागणार. आदल्या दिवशी दुपारी तो भिंत धरून अंगणात आला. चेहरा राखेसारखा. गाडी राजूरला येऊन थांबली होती, अंगठ्यापर्यंत.

"काका," तो म्हणाला, "चालवा तुमचा पाय. मले तीन दिवस बसता आलं पाह्यजे. बाकी काही नाही."

मी लिंबाखाली चटई टाकली. खरं सांगतो, मला आनंद झाला. तो पालथा पडला. मी डावी टाच त्याच्या कंबरेवर ठेवली. दोनदा हलकं दाबायचं, तिसऱ्यांदा जोर द्यायचा, मधे बोलायचं नाही, अशी माझी पद्धत. खाणीतल्या माणसांच्या पाठी दगडासारख्या असायच्या. याची पाठ हाताला लागावी तशी टाचेला लागली, मऊ, मांस उतरलेली. तिथंच मी थांबायला पाहिजे होतं. तिसऱ्यांदा जोर दिला. आत बारीक काहीतरी सरकल्याचं माझ्या टाचेला कळलं. तो ओरडला नाही. नुसता श्वास सोडला.

मग म्हणाला, "काका, स्टँड रिकामा झाला."

"म्हणजे?"

"गाडीच नाही. कुठंच दुखत नाही."

मी म्हातारीकडं पाहिलं. गल्लीकडं पाहिलं. चक्कीवाल्याला हाक मारून सांगितलं. दुसऱ्या दिवशी हापिसनं कुलूप लावलं, फेरा घातला आणि किती महिन्यांनी चक्कीपर्यंत जाऊन आला. लोक दारात येऊन पाहत होते. मी फाटकावर उभा होतो, छाती काढून. त्याचा उजवा बूट रस्त्यावर खरडत येत होता. तो आवाज मला ऐकू आला. मी म्हणालो, बूट जुना झाला.

दिवसभर तो कॅमेऱ्यासमोर हलला नाही. ठिपका हिरवा. त्याच्या पुढच्या दिवशी म्हातारी हातात एक चप्पल घेऊन माझ्याकडं आली.

"ही त्याची. मोरीजवळ पडली होती, अन् तो एका चपलेनं आत गेला. पायातून चप्पल निंघाली तरी त्याले समजलं नाही जी. न्या त्याले वणीले."

मी म्हणालो, "दुखते का त्याले? नाही ना? दुखणं गेलं, मंग डाक्टरले काय दाखवू, चप्पल?"

म्हातारी चप्पल माझ्यापुढं ठेवून गेली. त्या दुपारी मी हापिसला विचारलं, कसा आहे. तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "बरा आहो. अजून एक दिवस." डोळ्यांच्या कडा लाल होत्या. मला तेवढं उत्तर पुरलं, कारण मला तेच पाहिजे होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो दारात आला, दोन्ही हातांनी चौकट धरून. "काका, कालपासून लघवी झाली नाही. अन् लागूनही नाही राह्यली. बसलो की खाली स्टूल आहे का नाही, ते समजत नाही."

मी म्हणणार होतो, पाणी कमी पितोस. तोंड उघडलं होतं. म्हातारी मला बाजूला सारून रस्त्यावर गेली आणि तिनं ऑटो थांबवला. पन्नास वर्षांत तिनं मला पहिल्यांदा हातानं सारलं.

वणीच्या डॉक्टरनं टाचणी टोचून पाहिली आणि तिथूनच ॲम्ब्युलन्सनं यवतमाळला पाठवलं. मी सोबत. तो उताणा, कॉम्प्युटर छातीवर उघडा, मोबाईलवरून जोडलेला. कॅमेरा बंद केला होता, लाईन गेली म्हणून कळवलं होतं. एक बोट माऊसच्या जागी फिरवत होता.

"ठेव ते," मी म्हणालो.

"पाच वाजेपर्यंत, काका."

मग त्याला बाहेर पाट्या दिसायला लागल्या. मारेगाव आलं. त्यानं हातानं पाय जवळ ओढून पोटरीला चिमटा काढला आणि मान हलवली. करंजी आलं. मांडीला चिमटा काढला. काही नाही. म्हणाला, "गाडी उलटी चालली, पण एकही पॅसेंजर नाही." जोडमोहा गेलं. त्यानं माझा हात धरून स्वतःच्या कुल्ल्यावर ठेवला. "दाबा." मी दाबलं. "दाबलं?" त्यानं विचारलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

यवतमाळच्या डॉक्टरनं विचारलं, काही लागलं का, पडले का. मी तिथंच उभा होतो. हापिसनं माझ्याकडं पाहिलंही नाही. म्हणाला, "मागच्या अंगणात कपडे धुवायच्या धोंड्यावरून घसरलो."

डॉक्टर माझ्याकडं वळला. "तुम्ही कोण?"

"घरमालक," मी म्हणालो. एवढंच.

त्या दिवशीच ऑपरेशन झालं. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाला, मणक्यातली गादी आधीच फाटत आलेली होती, बसून बसून. त्या पडण्यानं ती पूर्ण बाहेर आली आणि नसा दबल्या. दुखणं थांबलं त्याच दिवशी आणलं असतं तर बरंच काही वाचलं असतं. "दुखत होतं तोवर नस जिवंत होती," तो म्हणाला. मी खाली माझ्या पायांकडं पाहत होतो.

शुद्धीवर आल्यावर हापिसनं मला जवळ बोलावलं. "काका, मले माहीत होतं. अशा फायली हातून गेल्या आहेत माह्या. बधीर झालं, लघवी अडली, दोन दिवस घरीच. वाचल्या की मी लिहायचो, उशिरा दाखल."

"मंग बोलला काहून नाही?"

"तीन दिवस पाह्यजे होते ना," तो म्हणाला. मग हसायला गेला, पण टाक्यांमुळं हसता आलं नाही. "अन् तुम्ही किती खुश होते."

पंधरा दिवसांनी त्याची बहीण सामान न्यायला आली. पुसदला शाळेत शिकवतात त्या. कपडे, बूट, टेबलफॅन सगळं गाडीत भरलं. फॅनला सुतळी तशीच होती. स्टूल मी दिलं नाही आणि त्यांनी मागितलं नाही. जाताना म्हणाल्या, "काका, दादा घसरला तो धोंडा कोणता?"

मी बोट दाखवलं. बाई तिथं गेल्या, खाली बसल्या, धोंड्यावरून तळहात फिरवला. उन्हानं तापलेला होता. "इथं तर शेवाळ पण नाही," त्या म्हणाल्या. माझ्याकडं पाहत राहिल्या. मी लिंबाकडं पाहत राहिलो. मग त्या गेल्या.

त्यानंतर तीन माणसं कंबर धरून माझ्याकडं आली. तिघांना मी फाटकातून परत पाठवलं. एक जण चिडला, म्हणाला, "एवढा माज कायचा?" काहीही समजू दे त्याला. स्टूल कुऱ्हाडीनं फोडायला गेलो, तर कुऱ्हाड उसळली. खाणीचं लाकूड आहे. तसंच पडलं आहे लिंबाखाली. म्हातारी त्यावर बसत नाही.

हापिस अधूनमधून फोन करतो. कंपनीनं त्याला काढलं नाही. पलंगावर पडून काम करतो, ठिपका हिरवा असतो. परवा म्हणाला, "काका, पाय कसा आहे?"

"माह्या पायाले काय झालं?" मी म्हणालो. "तुझा सांग."

"आहे. डोळ्यानं पाह्यला की दिसते. डोळे मिटले की नाही."

मी म्हणालो, "ताईले खरं सांगू का?"

तिकडून आधी माऊसची टकटक ऐकू आली. मग म्हणाला, "तुमची इच्छा. मी तर कागद पाह्यल्याबिगर पास करत नाही." आणि मीटिंग आली म्हणून फोन ठेवला.

म्हणून हा कागद. हे मी दुसऱ्याच्या हातून पाठवणार नाही, एस्टीनं पुसदला स्वतः घेऊन येणार आहे. तुम्ही वाचाल तोवर दारात उभा राहीन. धोंडा कोरडा होता, ताई. तुम्ही हात लावून पाहिलं ते बरोबर होतं.